न काढलेले डोळे

टिटवाळा स्टेशनातून महागणपतीच्या देवळाकडे जाताना दुकानांमध्ये गणपती किती तऱ्हांनी मांडलेला असतो, हे एकदा सावकाश बघावं. चौकटीतला, पितळेचा, किल्लीच्या जुडग्यात लोंबणारा, रिक्षाच्या काचेपुढे चिकटवायचा बोटभर उंचीचा. कुठे तो लोडाला टेकून आरामात पहुडलेला असतो, कुठे तबला वाजवत असतो, कुठे पुस्तक उघडून बसलेला असतो. देवादिकांच्या बाबतीत एरवी सोवळे असणारे आपण या एका देवाची वाटेल तेवढी थट्टा चालवून घेतो. कारण त्याला कितीही वाकवला, पिळला, वितळवला तरी तो ओळखू येतोच. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात सोंडेचं एक वळण आणि एक दात एवढंच असलं, तरी पत्रिका हातात घेणारा नकळत कपाळाला हात लावतो. देवाला ‘पात्र’ म्हटलं म्हणून कुणी रागावू नये; पण चित्रकाराच्या कागदावरून पाहिलं तर आपल्या देशातलं सगळ्यात चिवट पात्र हेच.

मूर्तिकारांच्या कारखान्यात या पात्राचा जीव कुठे असतो, हेही ठरलेलं आहे. पेणला किंवा आपल्या जवळपासच्या कुठल्याही कारखान्यात जा. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, अंगाचा रंग, पितांबर, दागिने अशी सगळी कामं वाटून दिलेली असतात. डोळ्यांची आखणी मात्र शेवटी होते आणि ती जाणत्या हाताकडेच असते. आखणी झाली की माती बघायला लागते. बुबुळ केसभर सरकलं तर वर्षभराची मेहनत तिरळी होते.

या लेखात मला उलट्या वाटेने गेलेल्यांबद्दल लिहायचं आहे. डोळेच काढायचे नाहीत, किंवा तोंडच उघडू द्यायचं नाही, किंवा चित्राखाली एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून ज्यांनी आपली पात्रं उभी केली आणि त्या ओघात आपली शैली कमावली, ते चित्रकार. शैली म्हणजे खास वळणाची रेषा, ठरावीक रंग, नाकाची एक लकब, असा सर्वसाधारण समज असतो. शिकणारी मुलं ती बाहेर शोधत फिरतात. माझं मत असं, की चित्रकाराची ओळख त्याने काय वगळलं यावरून पटते आणि गमतीदार पात्रांच्या बाबतीत तर हे फारच लख्ख दिसतं.

टिटवाळ्याचीच गोष्ट घ्या. इथे कण्व ऋषींचा आश्रम होता, दुष्यंताने विसरलेल्या शकुंतलेने कण्वांच्या सांगण्यावरून या गणपतीची आराधना केली आणि तिला नवरा परत मिळाला, अशी आख्यायिका आहे. लग्न जुळावं म्हणून इथे नवस बोलायला लोक येतात ते त्यामुळेच. देऊळ आजच्या रूपात पेशवाईतलं, माधवरावांच्या काळातलं सांगतात. पण शकुंतला डोळ्यांसमोर आणायला सांगितली तर आपल्याला आठवते ती राजा रविवर्म्याची. पायात काटा रुतल्याचं निमित्त करून थांबलेली, मान वळवून मागे बघणारी. त्या चित्रात मैत्रिणी आहेत, झाडी आहे, दुष्यंत नाही. तो चौकटीच्या बाहेर आहे. त्याला चित्रात उभा केला असता तर राजा-राणीचं आणखी एक कॅलेंडर झालं असतं. रविवर्मा गंभीर चित्रकार, आपला विषय थट्टेखोर पात्रांचा. पण युक्ती तीच आहे.

आता डोळे. १९८३ साली ‘टिंकल’ मासिकात शिकारी शंभू नावाचा एक गृहस्थ अवतरला. लेखन लुईस फर्नांडिस यांचं, चित्रं वसंत हळबे यांची. खाकी पोशाख, झुपकेदार मिशी, हातात बंदूक आणि डोक्यावर भली मोठी टोपी. टोपी इतकी खाली ओढलेली, की शंभूचे डोळे कधी कुणाला दिसलेच नाहीत. गोष्टीचा साचा तोच. शंभू भित्रा, आळशी, जेवणावर प्रेम करणारा. वाघ समोर आला की पळतो, घसरतो, झाडावरून पडतो आणि पडता पडता वाघ पकडला जातो. गाव त्याला शूर समजतं. बायको शांती मात्र त्याला ओळखून असते.

टोपीखाली डोळे असते तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा. भीती दाखवायला चित्रकाराला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे विस्फारलेले डोळे. दोन गोल काढले की काम झालं. ते साधन हळबेंनी स्वतःच्या हातातून काढून टाकलं. मग भीती गेली गुडघ्यांत, मिशीत, हवेत तरंगणाऱ्या बुटांत, बंदूक धरलेल्या बोटांत. शंभूचं सगळं शरीर बोलकं झालं ते चेहऱ्याचा निम्मा भाग झाकल्यामुळे. आणखी एक गोष्ट आपोआप घडली. डोळे दिसत नसल्यामुळे गावकऱ्यांना तो निश्चल, धीरगंभीर वाटू शकतो. शूर समजल्या जाणाऱ्या भित्र्याची अख्खी कथा त्या टोपीच्या काठावर तोललेली आहे. पुढे हळबेंनंतर शंभू दुसऱ्या हातात गेला, साव्हिओ मस्कारेन्हस यांनी तो काढला. टोपी तिथेच राहिली.

त्याच मासिकातला त्याच वर्षीचा सुपंडी राम वाईरकरांचा. मूळ लोककथा तमिळनाडूतून एका वाचकाने धाडल्या होत्या, त्यातल्या मूर्ख नोकराला रूप दिलं वाईरकरांनी. हा माणूस मला नेहमी चकित करतो. ‘अमर चित्रकथे’तला ‘कृष्ण’ याच हाताचा. तिथे देखणे देव, भरदार दंड, अलंकारांची नक्षी. आणि तोच हात सुपंडीसाठी लांबट डोक्याचा, काडीसारख्या हातापायांचा पोरगा काढतो. म्हणजे शैली ही अंगठ्याच्या ठशासारखी जन्मजात नसते, हे वाईरकरांनी एकाच टेबलावर बसून दाखवलं. कृष्णासाठी जे जे लागतं ते सुपंडीसाठी टाकून द्यावं लागतं, आणि काय टाकायचं हे कळायला आधी ते सगळं यावं लागतं.

या सगळ्यांचं मूळपीठ शोधायचं तर मला व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांकडे जावं लागतं. जन्म २९ जुलै १९२५, सीमाभागातल्या भोज गावचा, आज कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला. शिक्षण कोल्हापुरात, मग मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट. त्यांच्या जन्माला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली.

फडणीसांचं महत्त्व कळायला त्या काळचे दिवाळी अंक आठवायला हवेत. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांचा तो बहर होता. मुखपृष्ठावर सुंदर स्त्री, हातात निरांजन किंवा कमळ, नजर लाजरी. अंक विकला जायचा तो त्या चेहऱ्यावर. त्यात १९५२ साली अनंत अंतरकरांच्या ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकावर एक बसस्टॉप आला. एक तरुण, एक तरुणी, बसची वाट बघणारे. त्याच्या बुशशर्टाच्या कापडावर मांजरं छापलेली, तिच्या साडीवर उंदीर. खाली ओळ नाही. कुणी कुणाला काही म्हणत नाही. एवढंच.

त्या चित्राबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, तरी एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. हा विनोद कमर्शियल आर्ट शिकलेल्या माणसालाच सुचू शकतो. साडीचं छापकाम, शर्टाचं डिझाइन, सपाट रंगातला पुन्हा पुन्हा येणारा आकार, हे सगळं व्यंगचित्रकाराच्या नव्हे, जाहिरात-कलेच्या वर्गातलं सामान. व्यंगचित्रात तोवर विनोद असायचा वाढवलेल्या नाकात, फुगवलेल्या पोटात आणि खालच्या संवादात. फडणीसांनी तो कापडावर नेला. त्यासाठी त्यांनी माणसांची चेष्टा करणं सोडून दिलं. त्यांची माणसं कुरूप नसतात, विद्रूप नसतात, बहुतेकदा बावळटही नसतात. गोलसर चेहऱ्याची, नीटनेटक्या कपड्यातली, मध्यमवर्गीय आळीत शोभतील अशी. आपल्याभोवती काय विलक्षण चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. तो फक्त आपल्याला असतो.

शब्द वगळल्याचे परिणाम दूरवर गेले. संवाद नसल्यामुळे चित्राला भाषेचा पासपोर्ट लागेनासा झाला. मुखपृष्ठाची चित्रं भिंतीवर लावण्याजोगी झाली आणि १९६५ साली जहांगीर आर्ट गॅलरीत ‘हसरी गॅलरी’ भरली. व्यंगचित्रांचं प्रदर्शन बघायला घरातली सगळी मंडळी मुलाबाळांसह येतात, हे तोवर फारसं घडलेलं नव्हतं. आणि पुढे बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांत हीच रेषा गेली. एक पिढी बेरीज-वजाबाकी फडणीसांच्या चित्रांतून शिकली आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नाही. शाळेचं पुस्तक म्हणजे चित्रकाराची खरी कसोटी. तिथे आगाऊपणा चालत नाही. जी वस्तू मोजायची आहे तिच्यावरून लक्ष उडालं तर मुलाचं उत्तर चुकतं. फडणीसांची मोजून मापून घेतलेली रेषा तिथे अगदी चपखल बसली, कारण तिने स्वतःला मागे ठेवायचं आधीच शिकून घेतलं होतं. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘रेषाटन’ आहे. चित्रकला शिकणाऱ्याने ते वाचावं.

आता तोंड. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे. पण मुंबईने आणि नंतर पुण्याने त्यांना आपलंच मानलं. त्यांनी जे. जे.मध्ये प्रवेशासाठी चित्रं पाठवली, तेव्हा त्यात प्रवेश मिळण्याजोगी गुणवत्ता नाही असं उत्तर आलं, ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. सुरुवातीला त्यांच्यावर डेव्हिड लो या ब्रिटिश व्यंगचित्रकाराचा दाट प्रभाव होता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये १९५१ पासून पॉकेट कार्टून सुरू झालं आणि भारत दाखवायचा तर भारतातली सगळी माणसं हवीत म्हणून ते बंगाली, पंजाबी, मद्रासी, मराठी अशी गर्दी काढत. रोज अंक निघतो आणि छापखाना थांबत नाही. वेळ अपुरा पडू लागला तशी गर्दीतली माणसं एकेक करून गळत गेली. शेवटी उरला धोतर आणि चौकड्यांचा कोट घातलेला एक टक्कल पडलेला म्हातारा.

म्हणजे ‘कॉमन मॅन’ ध्यान लावून सुचलेला नाही, मुदतीच्या धाकाने उरलेला आहे. आणि उरल्यावर लक्ष्मण यांनी त्याच्यावर दुसरी बंदी घातली, ती बोलण्याची. मंत्री बोलतात, साहेब बोलतात, बायको तर फारच बोलते. हा फक्त बघतो. मराठी माणूस एवढा वेळ गप्प बसू शकतो यावर माझा विश्वास नाही, पण चित्रात ते खपतं. तो एकदा जरी बोलला असता तर त्याची एक बाजू ठरली असती, एक पक्ष ठरला असता. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा उभा आहे. एका काल्पनिक पात्राचा, न बोलल्याबद्दल.

वसंत सरवटे यांचं उदाहरण थोडं वेगळं. कोल्हापूरचे, शिक्षणाने स्थापत्य अभियंता, नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत. ‘ललित’ मासिक १९६४ मध्ये निघालं आणि त्यात ‘ठणठणपाळ’ नावाने कुणीतरी साहित्यिकांची टोपी उडवू लागलं. लेखक जयवंत दळवी. पण नाव गुप्त. सरवट्यांनी त्या अदृश्य माणसाला चेहरा दिला. वाचकांनी तोच खरा मानला. इथे चित्राचं काम दाखवण्याचं नव्हतं, लपवण्याचं होतं. सरवटे चित्रांबद्दल लिहायचेही सुरेख. ‘परकी चलन’मध्ये त्यांनी परदेशी व्यंगचित्रकार मराठीत आणले. चित्रकाराने स्वतःच्या कलेबद्दल इतकं नेमकं लिहिण्याची आपल्याकडे सवय नाही, म्हणून त्यांची पुस्तकं आजही शोधून घ्यावी लागली तरी घ्यावीत.

माझा हा वगळण्याचा सिद्धांत गोव्यात जाऊन अडखळतो. मारिओ मिरांडा यांनी काहीच वगळलं नाही. कुलाब्यातल्या कॅफे मोंडेगारच्या भिंती बघा. माणसं, कुत्री, बाटल्या, बायका, पंखे, टाय, मांजरं. बोट ठेवायला रिकामी जागा नाही. लहानपणी घराच्या भिंती रंगवतो म्हणून आईने वही आणून दिली, आणि मारिओ रोजनिशी चित्रांत लिहू लागले. त्या वह्यांत गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक मयत, प्रत्येक भांडण आहे. पुढे गुलबेंकियन शिष्यवृत्तीवर पोर्तुगाल, तिथून इंग्लंड. तिथे रोनाल्ड सर्ल या चित्रकाराची ओळख. मिस निंबूपानी, मिस फोन्सेका, मंत्री बंडलदास आणि ऑफिसातला तो बापडा गोडबोले, ही सगळी नंतरची मंडळी.

बराच वेळ त्या भिंतीसमोर बसल्यावर मला एवढं दिसलं, की त्या गर्दीत नायक नाही. जवळचा-लांबचा असा भेद नाही. दाराशी झोपलेल्या कुत्र्याला आणि टेबलावरच्या बाईला एकाच जाडीची रेषा. आपली नजर कुठे ठेवायची हे ते सांगत नाहीत. हे वगळणं मानायचं का? मानलं तर माझा सिद्धांत वाचतो, पण मला ते थोडं ओढूनताणून वाटतं. मारिओ हा अपवादच असू द्या. गोव्याच्या माणसाला अपवाद असण्याचा हक्क आहे.

बाहेरच्या जगातला एकच दाखला पुरे. फिनलंडच्या तूवे यान्सन यांचा मूमिन हा पाणघोड्यासारखा दिसणारा प्राणी आधी ‘गार्म’ या विनोदी मासिकातल्या त्यांच्या व्यंगचित्रांत सहीजवळ लुडबुडायचा. पहिलं पुस्तक १९४५ चं. त्याला बहुधा तोंडच काढलेलं नसतं. तरी तो दुःखी आहे की खूश, हे पाच वर्षांचं पोर सांगू शकतं. भुवया, पाठीचा बाक, शेपटीचा कल यांवरून.

हे शिकायचं कुठे? टिटवाळ्यातून सुटणारी लोकल थेट सीएसएमटीला जाते आणि तिथून जे. जे. चालत जाण्याच्या अंतरावर. मांडा-टिटवाळा, आंबिवली, शहाड इथून दादर-भायखळ्याकडे रोज जाणाऱ्यांत बोर्ड आणि पोर्टफोलिओ सांभाळत उभी असलेली पोरं हमखास असतात. स्टेशनावरची रेखाटनं हा कलाशिक्षणातला जुना रियाझ आहे आणि त्याचं कारण साधं आहे. समोरचा माणूस थांबत नाही. गाडी सुटायच्या आत जेवढं हाताला लागेल तेवढंच. बॅग छातीशी धरल्यामुळे वाकलेली पाठ घ्यायची की चेहरा, हे तत्काळ ठरवावं लागतं. चेहरा घेणारे बहुधा अपुरं चित्र घेऊन उतरतात. पाठ घेणाऱ्याला माणूस मिळतो. अशी शेकडो रेखाटनं झाली की हात आपोआप काही गोष्टी गाळायला लागतो, आणि प्रत्येक हाताचं गाळणं वेगळं असतं. मग त्यातलं एखादं माणूस घरी येऊन पुन्हा काढायचं. पुढून, मागून, बसलेलं, रागावलेलं, शिंकताना. नुसती काळी आकृती भरली तरी ते ओळखू येतं का बघायचं. ओळखू आलं की पात्र झालं. शंभू, सुपंडी, कॉमन मॅन आणि आपला गणपती, चौघेही या परीक्षेत उत्तीर्ण होतात.

मुलांसाठी काढणाऱ्यांची परीक्षा आणखी कडक, कारण तिथे गोंडसपणाचा मोह असतो. मोठे डोळे, गुबगुबीत गाल, फुगे आणि इंद्रधनुष्य. मराठीत हा मोह माधुरी पुरंदऱ्यांनी निग्रहाने टाळला. ‘राधाचं घर’, यशच्या गोष्टी, ‘बाबांच्या मिश्या’ यांतली मुलं शेजारच्या बिल्डिंगमधली असावीत तशी दिसतात. घरात पसारा आहे, आजी आजीसारखी आहे, आई दमलेली दिसू शकते. लेखन आणि चित्रं एकाच हातची असल्याने जे चित्रात आहे ते शब्दांत पुन्हा सांगायची गरज पडत नाही. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण मुलं पुस्तकं फाटेस्तोवर बघतात, हे प्रशस्तिपत्र मला जास्त वजनदार वाटतं.

आणि चित्रमालिकेतला चिंटू. २१ नोव्हेंबर १९९१ ला ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तो सुरू केला. त्याला वाचून मोठी झालेली मुलं आज स्वतःच्या मुलांच्या शाळेच्या फिया भरत आहेत. चिंटू तिथेच आहे. पप्पू, मिनी, बगळ्या, सगळे तिथेच. या पात्रातून वाढणारं वय काढून टाकलेलं आहे. वर्षानुवर्षं रोज विनोद करत राहायचं तर दुसरा इलाज नाही, हे खरं. पण तेवढ्यामुळे वाड्यातून सोसायटीत, लँडलाइनवरून मोबाइलवर बदलत गेलेलं घर त्या न बदलणाऱ्या पोराभोवती नीट दिसत राहिलं.

मार्च २०२५ मध्ये आपल्यापैकी पुष्कळांनी आपले, मुलांचे, लग्नातले फोटो संगणकाकडून जपानच्या घिबली स्टुडिओच्या वळणात करून घेतले. आठवडाभर सगळ्यांचे चेहरे सारखेच गोड झाले. मीही हौसेने बघितले. तेव्हापासून चित्रकला शिकणाऱ्या मुलांच्या घरी आईबाप विचारतात, की एका बटणात शैली मिळत असेल तर हे चार वर्षांचं शिक्षण कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उगाच हसून टाळू नये. जाहिरातीतली, शुभेच्छापत्रांतली पुष्कळ किरकोळ कामं यंत्राकडे जाणार, त्यावर पोट असलेल्यांना झळ बसणार. पण यंत्राने त्या आठवड्यात काय केलं ते बघा. त्याने प्रत्येक फोटोत भर घातली. चमक, पानं, गालांवर लाली. शिकारी शंभूचे डोळे झाकावेत, सामान्य माणसाला गप्प बसवावं, बसस्टॉपखाली ओळ लिहू नये, असं त्याला वाटलं नाही. सांगणारा माणूस असल्याखेरीज वाटणारही नाही. म्हणून त्या आईबापांना माझं उत्तर असं, की मुलाला शिकू द्या. फक्त त्याला विचारत राहा, की या चित्रातून तू काय काढून टाकलंस.

संपादकांनाही एक सांगणं आहे. शिकारी शंभू ओळखणाऱ्या शंभर जणांना विचारलं तर वसंत हळबे हे नाव किती जण सांगतील, याची मला शंका आहे. कथा-कवितेवर लेखकाचं नाव ठळक असतं. चित्रकार अनुक्रमणिकेच्या तळाशी एका ओळीत उरकला जातो, कधी तेवढाही नसतो. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून धरली तर शंभर वर्षांहून जुनी आहे आणि त्यातली निम्मी तरी आठवण चित्रांची आहे. प्रत्येक कथेशेजारी चित्रकाराचं नाव छापायला जागा फार लागत नाही.

आणि वाचकहो, हा अंक वाचून झाला की पहिल्या पानापासून पुन्हा उलटा, या वेळी फक्त चित्रं बघत. कोपऱ्यातली सही लागत असेल तर वाचा. लागत नसेल तर संपादकांना पत्र टाकून विचारा, हे कुणी काढलंय?